उजव्या पंखातले सदतीस रिव्हेट

१

तपासनिसानं पंखाच्या आतल्या बाजूला आधी लाल, पातळ रंग फासला. वीस मिनिटांनी तो पुसून काढला आणि वर पांढरी भुकटी फवारली. आम्ही सगळे भोवती उभे होतो. मी जरा मागे, तान्ह्या दीपाला कडेवर घेऊन, कारण ती भुकटी तिच्या नाकात जाईल अशी मला भीती वाटत होती. भुकटी वाळत आली तशी त्या पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटली, केसाएवढी बारीक. मग दुसरी. मग रांगेनं, पत्रे जोडणाऱ्या एकेका रिव्हेटच्या टोकावर. कुठं भेग असली की तिच्यात मुरलेला लाल रंग असा वर येतो, हे श्रीरंगनंच मला कधीतरी सांगितलं होतं. तपासनिसानं पेन्सिलीनं मोजलं. सदतीस.

सदतीसच्या सदतीस उजव्या पंखात. आणि त्या रांगांखाली सही होती माझ्या नवऱ्याची, श्रीरंगची.

एकोणीसशे शहाऐंशीचा एप्रिल. लिव्हरमोरजवळच्या एका छोट्या विमानतळावर वॉल्ट ब्रँडेलचं हँगर होतं आणि त्या हँगरमध्ये महायुद्धातलं एक जपानी झिरो लढाऊ विमान पुन्हा उभं राहत होतं. वॉल्ट निवृत्त मेकॅनिक. तरुणपणी नौदलात असताना याच जातीच्या विमानांनी त्याच्या जहाजावर गोळ्या झाडल्या होत्या. पुढे सॉलोमन बेटांवरच्या दलदलीतून त्यानं हे एक तुकड्यातुकड्यांनी उचलून आणलं. का, असं विचारलं की म्हणायचा, मला मारायला निघालेलं काहीतरी एकदा जवळून, नीट उडताना बघायचंय.

तपासनीस निघून गेल्यावर वॉल्ट पंखाशी गेला. रागावला की तो आणखी हळू बोलायचा. त्यानं तारखा वाचून दाखवल्या. भेगा पडलेले सगळे रिव्हेट दोन ते पाच एप्रिलच्या दरम्यान ठोकलेले होते. त्याच्या आधीचे शाबूत, नंतरचेही शाबूत.

"पुढच्या शनिवारपर्यंत मला कळलं पाहिजे काय झालं ते," तो म्हणाला. "ज्याची चूक, त्यानं हँगरची किल्ली माझ्या हातात ठेवायची. मला भांडण नको. फक्त किल्ली."

सगळ्यांनी श्रीरंगकडे पाहायचं टाळलं, आणि ते पाहण्यापेक्षा वाईट होतं.

२

या रिव्हेटना आम्ही घरात 'बर्फाचे रिव्हेट' म्हणायचो. भट्टीत तापवून पाण्यात विझवले की ते थोडा वेळ मऊ राहतात. तसेच बाहेर पडून राहिले तर अर्ध्या तासात कडक व्हायला लागतात, आणि मग ठोकले की तडकतात. म्हणून विझवल्याबरोबर ते फ्रीझरमध्ये टाकायचे. थंडीत त्यांचं कडक होणं थांबून राहतं. बाहेर काढले की पंधरा मिनिटांत ठोकून मोकळं व्हायचं. एकदा कडक झालेला रिव्हेट पुन्हा फ्रीझरमध्ये टाकून काही उपयोग नसतो. तो पुन्हा गार होतो, मऊ होत नाही.

तेव्हा लोकांच्या मनात काय आलं असेल हे उघड होतं: श्रीरंगनं घाई केली. मूठभर रिव्हेट बाहेर काढून ठेवले आणि पंधराची चाळीस मिनिटं केली.

घाईला कारणही होतं. उजवा पंख श्रीरंगकडे होता आणि डावा उल्हास कारखानीसांकडे. दोघंही क्युपर्टिनोतल्या एकाच कंपनीत. उल्हासभाऊजी श्रीरंगपेक्षा सहा वर्षांनी मोठे, बायको आईच्या आजारपणासाठी नागपूरला गेलेली, त्यामुळे शुक्रवारचं जेवण आमच्याकडे ठरलेलं. हँगरचा नाद त्यांनीच श्रीरंगला लावला. ते तिथं सहा वर्षांपासून होते, श्रीरंग दोन. आणि वॉल्टनं जाहीर केलं होतं की विमान तयार झालं की कॉकपिटखाली एका माणसाचं नाव रंगवायचं, ज्यानं ते उभं केलं त्याचं. वॉल्टचं मन श्रीरंगकडे झुकतंय हे सगळ्यांना दिसत होतं. भाऊजी तर स्वतःच चेष्टा करायचे, "रंग्या, तुझं नाव लांबलचक आहे यार, माझं लिहिलं तर रंग कमी लागेल."

आणि मी? मला त्या विमानाचा राग होता. पण खरं सांगायचं तर विमानाचा नव्हता, एमीचा होता.

एमी तानिगुची. चौतिशीची, एकटी राहणारी. मूळ जपानी आराखडे तीच वाचायची, रिव्हेट भट्टीत तापवायची तीच, फ्रीझरमधल्या डब्याची तारखेची चिठ्ठी लिहायची तीच. आणि रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. बाहेरून एक जण हवेच्या दाबावर ठोकणारी गन लावतो आणि आतून दुसरा लोखंडी ठोकळा दाबून धरतो. मध्ये पत्रा असतो, एकमेकांचं तोंड दिसत नाही, गनच्या आवाजात बोलता येत नाही. म्हणून ठोके. आतून पत्र्यावर एक ठोका म्हणजे अजून मार. दोन म्हणजे छान झालं. ठोकळा धरायची ती एमी. मी दीपाला मांडीवर घेऊन घडीच्या खुर्चीत बसून ते टकटक ऐकायची. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण आम्ही दोघं एवढ्या कमी शब्दांत कधी बोललो नव्हतो.

घरी आल्यावर "एमी म्हणाली" सुरू व्हायचं. एका संध्याकाळी मी अकरा वेळा मोजलं. पुण्याहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई, व्हिसावर कामाची परवानगी नाही, म्हणून मोजायला तेवढंच होतं.

ईस्टरच्या आदल्या शनिवारचं सांगते, म्हणजे एकोणतीस मार्च. पुढच्या शनिवारी वॉल्टचा पासष्टावा वाढदिवस होता. हँगरवरच्या मागच्या पार्टीला एमीनं घरी केलेले जपानी तांदळाचे लाडू आणले होते आणि लोकांनी बोटं चाटली होती. मी ठरवलं, आता मँगो कुल्फी. आटवलेल्या दुधाचा डबा, कूल व्हिप नावाचं तयार क्रीम, हापूसच्या रसाचा डबा, कागदी कपांतून चोवीस कुल्फ्या. आमच्या फ्रीमाँटच्या अपार्टमेंटचा फ्रीझर इवलासा, म्हणून अर्ध्या घरी ठेवल्या आणि अर्ध्या त्या शनिवारी हँगरच्या फ्रीझरमध्ये, रिव्हेटच्या डब्याशेजारी. चार वाजता दीपा रडायला लागली. तिथल्या मायक्रोवेव्हमध्ये लोक काय काय गरम करायचे, म्हणून मी स्वतःचा इलेक्ट्रिक वॉर्मर नेला होता. त्या कोपऱ्यात तिची बाटली गरम केली, मनगटावर थेंब टाकून दोनदा पाहिला, तिला पाजलं. मग श्रीरंग घाई करायला लागला आणि आम्ही निघालो. रविवार ईस्टरचा, सोमवारी हँगर बंदच असायचं.

पुढच्या शनिवारी कुल्फी निघाली ती खरखरीत. वर पिवळं पाणी गोठल्यासारखा थर, दाताखाली बर्फाचे खडे. लोकांनी दोन चमचे खाऊन "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हटलं. भाऊजींनी घेतलीच नाही, म्हणाले डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितलीय. एमीनं मात्र आख्खा कप संपवला, आणि मला वाटलं, ही मुद्दाम चांगुलपणा करतेय.

मी एक चमचा दीपाच्या तोंडाशी नेला तेव्हा भाऊजींनी पुढे होऊन माझा हात धरला. "बाळाला नका देऊ वहिनी. घसा धरेल." चमचा त्यांनी स्वतः काढून घेतला. तेवढ्या माणसांत माझ्या पोरीची काळजी कुणाला तरी आहे, म्हणून मला त्या दिवशी भरून आलं होतं.

३

तपासणीनंतरचे तीन दिवस श्रीरंग जेवला नाही म्हटलं तरी चालेल. तो शपथेवर सांगत होता की त्यानं घड्याळ लावून काम केलं. "त्या आठवड्यात रिव्हेट जरा चिवट वाटले," एवढंच म्हणाला. "मला वाटलं कॉम्प्रेसरची हवा कमी पडतेय. उल्हास त्याच हवेवर पत्रा घासायचा सँडर चालवत होता."

मी विचारलं, एमीनं भट्टी नीट तापवली नसेल तर? तो ताडकन म्हणाला, "एमी चुकत नाही."

बुधवारी सकाळी दीपाला सीटमध्ये बांधून मी सहाशेऐंशी नंबरच्या हायवेवर गाडी घातली. एमी त्या वेळी हँगरवर एकटी असते हे मला ठाऊक होतं. मी सत्य शोधायला निघाले होते असं नाही. मला तिची चूक शोधायची होती.

ती आराखडे पसरून बसली होती. मला पाहून तिला आश्चर्य वाटलं असावं, पण तिनं आधी दीपासाठी जमिनीवर स्वच्छ चादर अंथरली. मी सरळच विचारलं, तुझी भट्टी बिघडली नव्हती कशावरून?

तिला राग आला नाही. तिनं एक चिठ्ठी आणली, एकोणतीस मार्चची, आणि तिला तारेनं बांधलेले तीन ठोकलेले रिव्हेट. प्रत्येक घाण्यातले तीन ती त्याच दिवशी ठोकून बघते आणि चिठ्ठीला बांधून ठेवते. तिन्हींची टोकं गुळगुळीत होती. भिंग दिलं, मी पाहिलं. एकही भेग नाही.

मग तिनं वॉल्टनं टेप लावून ठेवलेला, त्याच घाण्याचा उरलेला डबा फ्रीझरमधून काढला. "मी अजून हे करून बघितलं नाहीये," ती म्हणाली. "कुणीतरी समोर असलेलं बरं." टेप फाडून तिनं एक रिव्हेट घेतला आणि एकट्या माणसाला जमेल असा टेबलावरच्या ऐरणीवर, घड्याळ न बघताही कळेल इतक्या लगेच ठोकला. टोक तडकलं. दुसरा. तोही तडकला.

मला अर्थ कळायला क्षणभर लागला. हे रिव्हेट श्रीरंगच्या हातात कधी आलेच नव्हते. फ्रीझरमधून थेट निघाले होते आणि तरी कडक होते. पंधरा मिनिटांचा प्रश्नच उरला नव्हता.

श्रीरंग सुटला होता.

"म्हणजे फ्रीझर बंद पडला होता," मी म्हटलं.

एमीनं नकारार्थी मान हलवली. ते तिनं आणि वॉल्टनं आधीच पाहिलं होतं. फ्रीझर उत्तम चालतो. वीज गेली असती तर त्याच लाइनवरचं भिंतीवरचं विजेचं घड्याळ मागे पडलं असतं. ते मिनिटाला मिनिट बरोबर होतं. हजेरीची वहीही तिनं पुढे केली. कोण किती वाजता आलं आणि काय काम केलं, प्रत्येकानं स्वतः लिहायचं अशी वॉल्टची शिस्त. फ्रीझर दुरुस्त केल्याची कुठं नोंद नव्हती.

"घाणा माझा, फ्रीझर माझ्या ताब्यात," ती म्हणाली. "बाकी कुणाचं नाव घेऊ मी? शनिवारी किल्ली देऊन टाकीन." मग थोडं हसून, "तरी उल्हासनं मला सावध केलं असं म्हणायला हवं. हा घाणा बारा तारखेपर्यंत चालणार होता, डबा अर्धा भरलेला होता, तरी त्यानं आठला माझ्याकडून नवीन करून घेतला. म्हणाला, ताजा असलेला बरा. मीच तेव्हा विचार करायला हवा होता."

निघताना तिनं दीपाच्या गालाला बोट लावलं आणि विचारलं, हिचं पोट बरं आहे ना. वाढदिवसानंतर दोन दिवस तिचं स्वतःचं फार बिघडलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नव्हती.

परतीच्या वाटेवर मी गाणं गुणगुणत होते. लाज वाटते सांगायला, पण गुणगुणत होते.

४

श्रीरंगला फोनवर सांगितलं. त्यानं विचारलं, "मग एमीचं काय?" पहिला प्रश्न हा.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात आले. दीपा झोपली होती. रागात काहीतरी गोड खावंसं वाटलं म्हणून घरच्या फ्रीझरमधल्या बारांपैकी एक कुल्फी काढली.

ती लोण्यासारखी होती.

मी दुसरी काढून चाखली. तीही तशीच. एकाच पातेल्यातलं मिश्रण, एकाच दिवशी भरलेले कप. मी उभ्याउभ्याच विचार करायला लागले, आणि बऱ्याच दिवसांनी एम.एस्सी. झाल्यासारखा केला. दूध वितळलं, पाणी वेगळं झालं आणि मग हलवल्याशिवाय हळूहळू पुन्हा गोठलं, की असे मोठे स्फटिक होतात. नुसतं दार उघडं राहून नाही होत. हँगरमधल्या कुल्फ्या पूर्ण वितळल्या होत्या. म्हणजे तो फ्रीझर बंद होता, एक-दोन तास नाही, दिवसच्या दिवस.

वीज गेली नव्हती. यंत्र बिघडलं नव्हतं. उरतं एकच: कुणीतरी प्लग काढला.

आणि मग मला माझाच हात दिसला. दीपा किंचाळतेय, कोपऱ्यात हाताला येईल असं एकच सॉकेट, त्यात एक पांढरी वायर. दोन मिनिटांचं तर काम, म्हणून मी ती उपसली आणि वॉर्मर लावला. दूध पाजलं. श्रीरंग हाक मारत होता. वॉर्मर पिशवीत टाकला, पोरीला टोपरं घातलं, निघाले.

पांढरी वायर जमिनीवरच राहिली.

शनिवार दुपारपासून. रविवार ईस्टर, सोमवार बंद. मी ओट्याला धरून उभी राहिले. माझ्या आजूबाजूला बाटल्या उकळून, पालथ्या घालून, ओळीनं मांडलेल्या होत्या. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारी मी.

आणि लगेच दुसरा विचार आला. तो मला कुणी शिकवला नव्हता. हे कुणालाच माहीत नाही. श्रीरंग सुटलेला आहे. मी गप्प बसले तर शनिवारी एमी किल्ली देईल आणि जाईल. ठोके बंद होतील. मी बोलले तर मात्र वॉल्ट श्रीरंगला म्हणेल, हँगरमध्ये बायको तू आणलीस, चूक तुझ्या घरची, ठेव किल्ली.

मी ती अर्धी कुल्फी संपवली. सावकाश.

५

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. फ्रीझर आता चालू होता. म्हणजे वायर कुणीतरी परत लावली होती. ज्यानं लावली त्याला आत वितळलेल्या कुल्फ्या दिसल्या असणार आणि शेजारी रिव्हेटचा डबा. मग तो बोलला का नाही?

सुट्टीनंतर हँगर उघडलं मंगळवारी, एक एप्रिलला. बुधवारी एमीनं समोर ठेवलेल्या वहीतली त्या दिवसाची पहिली ओळ मला आठवत होती, कारण अक्षराचं ते वळण आमच्या घरच्या फोनच्या वहीतही होतं. साडेपाच, उल्हास कारखानीस. काम: सँडिंग. बुधवारी सँडिंग. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सँडिंग. दोन महिने पंखाच्या शर्यतीत एक दिवस न चुकलेला माणूस त्या एका आठवड्यात रिव्हेटला शिवला नाही. आणि नवीन घाणा मिळाल्याबरोबर पुन्हा ठोकायला लागला.

योगायोग असू शकतो. आमचा रोजचा माणूस. मला शंकाही घ्यायला नको वाटत होती. एमीवर घेतली तेव्हा मात्र काही जड गेलं नव्हतं.

शुक्रवारी भाऊजी नेहमीसारखे आले, दीपासाठी खुळखुळा घेऊन. भरली वांगी दोनदा मागून घेतली. श्रीरंगच्या पाठीवर थाप मारली, तू सुटलास यार, मला खात्रीच होती, म्हणाले. एमीबद्दल वाईट वाटतं, पण जबाबदारी ती जबाबदारी.

जेवणं झाल्यावर मी सहज विचारलं, "भाऊजी, वाढदिवसाच्या कुल्फ्यांतल्या काही उरल्यात. देऊ?"

त्यांचा हात पाण्याच्या ग्लासवर थांबला. "हँगरवरच्या?"

"नाही. त्याच घाण्यातल्या, पण घरी ठेवलेल्या."

"मग द्या की," ते म्हणाले. आणि दोन खाल्ल्या.

साखर डॉक्टरांनी बंद केलेली माणसं दोन खात नाहीत. मी ओट्याकडे तोंड करून भांडी विसळत राहिले. मला माझा हात धरलेला त्यांचा हात आठवत होता. अकरा माणसं त्या टेबलाभोवती कुल्फी खात होती. तीन दिवस नासून परत गोठलेलं दूध आहे हे ठाऊक असलेल्या माणसानं फक्त एकाच तोंडाजवळचा चमचा काढून घेतला.

६

शनिवारी दहाला वॉल्टनं सगळ्यांना पंखाशी बोलावलं. एमीनं आधीच किल्ली कड्यातून सोडवून मुठीत धरली होती. तिनं तोंड उघडायच्या आत मी दीपाला श्रीरंगच्या हातात दिलं आणि पुढे झाले. इंग्रजीत, इतक्या लोकांसमोर मी कधी बोलले नव्हते.

फ्रीझरचा प्लग मी काढला, असं म्हटलं. कधी, कशासाठी, आणि लावायला कशी विसरले. कुल्फीचं सांगितलं. कोपऱ्यातलं सॉकेट दाखवलं. श्रीरंगचा चेहरा मी पाहिला नाही.

वॉल्टनं वाकून सॉकेट पाहिलं. मग म्हणाला, "पण ते आता लावलेलं आहे."

"हो," मी म्हटलं. "मी नाही लावलं."

मी वही मागितली आणि एक एप्रिलची ओळ वाचली. मग त्या आठवड्याच्या बाकीच्या ओळी. मग आठ तारखेचा नवा घाणा, जुना अर्धा डबा भरलेला असताना. यापेक्षा जास्त मी इंग्रजीत बोलले नाही. भाऊजींकडे वळले आणि मराठीत विचारलं, "माझ्या पोरीच्या तोंडाजवळचा चमचा का काढून घेतलात?"

ते म्हणाले, लहान मूल आहे म्हणून. बाकी काही त्यांना माहीत नाही. प्लग पडलेला दिसला, लावला, त्यात काय. मी म्हटलं, कुल्फ्या वितळलेल्या दिसल्या नाहीत? त्यांनी वॉल्टकडे पाहिलं, त्याला यातला एक शब्दही कळत नव्हता, तरी तो त्यांच्याचकडे टक लावून होता. श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंग म्हणाला, "उल्हास, तू रोज माझ्या शेजारी उभा होतास."

मग त्यांचा आवाज खाली आला.

"मी त्याला इथं आणलं वहिनी. गन कशी धरायची ते मी शिकवलं. सहा वर्षं. मी काही केलं नाही, फक्त बोललो नाही. तपासणीत सापडणारच होतं, विमान काही उडणार नव्हतं त्यावर. एक आठवडा त्याचा मागे पडला असता, एवढंच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला तरी कळायला हवं होतं. तुम्ही त्या खुर्चीत बसून तिच्याकडे कशा बघता, ते मी दोन महिने बघतोय."

मला कळलं होतं. म्हणूनच तर सापडलं. गप्प बसणं किती सोपं असतं, ते मी बुधवारी ओट्याशी उभी राहून शिकले होते.

श्रीरंगनं वॉल्टला चार वाक्यांत सांगितलं, काही न वाढवता. भाऊजींनी स्वतःच किल्ली पंखावर ठेवली. जाताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, फक्त दीपाच्या डोक्यावरून हात फिरवला. मी तिला मागे घेतलं नाही.

वॉल्टनं मला विचारलं, बाळाची बाटली गरम करायला आणखी किती महिने लागेल? मी म्हटलं, चार-पाच. त्यानं एका माणसाला त्या कोपऱ्यात दुसरं सॉकेट बसवायला सांगितलं. मग श्रीरंगला म्हणाला, "सदतीस रिव्हेट आहेत. ड्रिल करून काढ. तुझी किल्ली तुझ्याकडेच राहू दे."

एमी माझ्याजवळ आली. तिनं आभार मानले नाहीत. "बुधवारी तू मला पकडायला आली होतीस," ती म्हणाली. मी हो म्हटलं. "ठीक आहे," म्हणून ती तिच्या आराखड्यांकडे गेली.

गाडीत दीपाला झोप लागली. श्रीरंगनं गाडी सुरू केली नाही. समोरच्या धावपट्टीकडे बघत बसला.

"मी बुधवारीच सुटलो होतो," तो म्हणाला. "तू गप्प बसली असतीस तर एमी गेली असती. तुला ते हवं होतं."

"हो."

"तुला ती आवडत नाही हे माहीत होतं. इतकं माहीत नव्हतं." तो माझ्याकडे वळला. "मग बोललीस का?"

सदसद्विवेक वगैरे सांगता आलं असतं. चार वर्षांत मी त्याला अशी बरीच उत्तरं दिली होती.

"मी बोलले नसते तर वॉल्टनं तिची किल्ली घेतली असती," मी म्हटलं. "आणि तू सगळ्यांसमोर तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला असतास. ती चुकत नाही म्हणाला असतास. तुझीही किल्ली टाकली असतीस. ते मला बघवलं नसतं."

मी वाट पाहिली. नाही म्हणेल, हसेल, वेडी आहेस म्हणेल.

"टाकली असती," तो म्हणाला, आणि त्यानं गाडी सुरू केली.